कर्जखत-संग्रह (तत्कालीन अहमदनगर जिल्हा)
एकोणिसाव्या शतकातील सावकारी कर्जखते, गहाणखते व दाव्यांचे कागद जमवून जतन करणे. अमेरिकेत लिंकनच्या वकिली कागदांना मोल येते ते सहीमुळे. हौशी मंडळींनी काही कागदांवरची नुसती सहीच कापून नेली. नगरच्या खताला सहीचा हा निकष लावणे व्यर्थ आहे, कारण ऋणको कुणबी बहुधा निरक्षर. त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असे आणि ती बहुतेक वेळा खत लिहिणाराच काढी. म्हणून येथे मोडी मजकूर, लेखकाचे नाव व साक्षी एकत्र वाचल्या तरच कागद बोलतो. शेतकऱ्यांची फसवणुकीची तक्रारही नेमकी या दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल व निशाणीबद्दल होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला दंगा नगर जिल्ह्यात पसरला, तेव्हा जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या खतांवर होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे खत गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिणे सक्तीचे केले. त्यामुळे खत या कायद्याआधीचे की नंतरचे हे कळण्यासाठी संग्राहकाने आधी तारीख पाहावी, नाव नंतर.

दंग्यात खते जळाली, मग उरलेला संग्रह एकांगी नाही का, असा आक्षेप येतो. तो निम्मा खरा आहे: उरलेल्या कागदांवरून कर्जाचे एकूण प्रमाण काढता येणार नाही. व्यवहाराची रीत मात्र एकेका खतातूनही कळते, आणि या दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाशी ती ताडता येते. विक्रीसाठी अशा कागदांची दप्तरे फोडणे मात्र सर्वांत घातक. सुटे खत शेजारच्या कागदांचा संदर्भ गमावते. ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांपूर्वीचा कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो. खाजगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही.