अंधारातली होडी

परवा चांदीपला आत्याकडे मुक्कामाला होतो. रात्री वीज गेली, सगळे ओट्यावर येऊन बसलो. वरून एक विमान दिवे मिचकावत गेलं. आतेभावाच्या मुलाने विचारलं, "काका, त्यांना अंधारात दिसतं कसं?" मी "रडार" म्हणून मोकळा झालो. लगेच पुढचा प्रश्न, "आणि रडार नव्हतं तेव्हा?"

तेव्हा मला आयची ई११ए आठवलं. जपानी नौदलाचं रात्रीच्या टेहळणीचं विमान. १९३७ साली पहिल्यांदा उडालं, सगळी मिळून बनली फक्त १७! नौदलाने त्याला 'प्रकार ९८' म्हटलं. आपण शके मोजतो तसं जपान्यांचं स्वतःचं वर्ष असे. १९३८ म्हणजे त्यांचं २५९८, त्यातले शेवटचे दोन आकडे. (आपला शके १८६०.) प्रसिद्ध 'झीरो' विमानातलं शून्यही असंच, २६०० मधलं.

पायाखाली होड्या बांधलेलं विमान वेगळं. इथे विमानाचं पोटच होडीचं, वर दुमजली पंख आणि मागे तोंड केलेला पंखा. आत तिघेजण. क्रूझरवरून गोफणीसारखं फेकायचं, परतल्यावर समुद्रात उतरवून वर उचलून घ्यायचं.

१९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण अमेरिकेला ५ तर जपानला ३ असं ठरलं. म्हणून दिवसाच्या मोठ्या लढाईआधी रात्रीच पाणतीर मारून शत्रू कमी करायचा, असा जपानी बेत होता. त्यासाठी कुणीतरी अंधारात शत्रूच्या जहाजांमागे तासन् तास राहून विनाशिकांना जागा कळवायला हवी. जहाजं हळू चालणार, मग विमानालाही हळूच उडता यायला हवं.

प्रत्यक्ष युद्धात या विमानाचे दिवस लवकर संपले, ते ने-आण करण्याच्या कामाला लागलं. दोस्तांनी मात्र त्याला 'लॉरा' असं गोड नाव देऊन ठेवलं होतं. बेत तेवढा टिकला. ९ ऑगस्ट १९४२ च्या रात्री सावो बेटाजवळ जपानी क्रूझरवरच्या दुसऱ्या विमानांनी आकाशातून उजेडाचे गोळे सोडले. त्या लढाईत दोस्तांच्या चार मोठ्या क्रूझर बुडाल्या.

मी पोराला एवढंच सांगितलं, "डोळ्यांनीच बघायचे."

"मग परत येताना त्यांना आपलं जहाज सापडलं नाही तर?"

मला सतरा हा आकडा पाठ होता. हा प्रश्न मात्र इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. त्या तिघांना तो प्रत्येक रात्री पडत असणार.

तेवढ्यात वीज आली आणि पोरगा टीव्हीकडे पळाला. मी आपला ओट्यावरच बसून राहिलो.