हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

हेलसिंकी ते टोकियो अंतर किती? दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइनच्या सूत्रात घाला, उत्तर येतं सुमारे 7,800 किलोमीटर. कोडच्या दहा ओळींचं काम. विमानाला किती तास लागतात हे मात्र तुम्ही कोणत्या सालाबद्दल विचारताय, त्यावर आहे.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो. शीतयुद्धाच्या काळात ते आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतेक बंदच होतं. मग एक तर आशियाच्या दक्षिणेकडून थांबत थांबत जायचं, नाहीतर थेट उत्तर ध्रुवाकडून. 24 फेब्रुवारी 1957 ला एसएएसने कोपनहेगनहून अलास्कातल्या अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली. ध्रुवाजवळ होकायंत्राचा उपयोग नाही. शिवाय सगळी रेखावृत्तं तिथे एकत्र येतात, त्यामुळे सरळ उडत असतानाही 'उत्तर' भराभर बदलत राहते. म्हणून नकाशावर चौकोनांची वेगळीच जाळी आखली आणि जायरोच्या भरवशावर दिशा धरली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोऑर्डिनेट सिस्टिमच बदलून टाकली! अँकरेज हा इंधनाचा थांबा झाला. तिथला उदोन नूडल्सचा स्टॉल जपानी प्रवाशांच्या एका पिढीला आठवतो.

एप्रिल 1983 मध्ये फिनएअरच्या डीसी-10 विमानाने अँकरेजही गाळलं. हेलसिंकीहून वर ध्रुवापर्यंत, मग खाली बेरिंगच्या सामुद्रधुनीतून टोकियो. साधारण 13 तास, आणि तेही रशियाला हात न लावता.

हात लागला तर काय होतं, ते त्याच वर्षी दिसलं. 1 सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअरलाइन्सचं 007 विमान शेकडो किलोमीटर भरकटलं. पुढच्या चौकशीनुसार ऑटोपायलट आखलेल्या मार्गाला जोडलाच गेला नव्हता, तो एकच दिशा धरून बसला होता. सोव्हिएत लढाऊ विमानाने सखालिनजवळ ते पाडलं. 269 माणसं गेली. दोन आठवड्यांनी रेगन सरकारने जाहीर केलं, की तेव्हा अर्धवट उभी असलेली लष्करी जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांना मोफत वापरता येईल. तुमच्या फोनमधला निळा ठिपका त्याच निर्णयाच्या वाटेने आला आहे.

शीतयुद्ध संपलं, सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. 'युरोपातून आशियाला सर्वांत जवळची वाट' म्हणून फिनएअरने सगळा धंदाच त्यावर उभारला. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपीय महासंघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. मार्चमध्ये फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवावरून टोकियोला जाऊ लागली. पुन्हा 13 तास. विमान 1983 पेक्षा कितीतरी आधुनिक, इंधनाचा खर्च मात्र कंपनीचं कंबरडं मोडणारा. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळत होतं.