आणेवारी आणि संख्याशास्त्र

नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात पीक किती आले, हा प्रश्न पोटाचा, तसाच साऱ्याचाही असे. ब्रिटिश अमदानीत सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून आणेवारी ठरे, आणि ती ठरवी अंमलदाराची नजर. त्याच मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात १९१८ साली सत्याग्रह झाला तो यावरूनच. पीक चार आण्यांहून कमी आहे, असे रयत म्हणे. सरकार ते नाकारी. दोन नजरांचा निवाडा कोणी करावा?

त्याची वाट विद्यापीठाच्या वर्गातून निघाली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९३३ साली लंडनला गेले व तेथे नेमन आणि पिअर्सन यांच्यापाशी संख्याशास्त्र शिकले. परतल्यावर त्यांनी व पानसे यांनी, शेते यदृच्छेने निवडून त्यांतील आखलेल्या तुकड्याचे पीक कापून तोलण्याची रीत देशात रुजविली. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत धरली जातात व उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखविले. फुगलेला उतारा म्हणजे शेतकऱ्याची बुडालेली सूट!

पुणे विद्यापीठात १९५३ साली डॉ. हुजूरबाजारांनी संख्याशास्त्र विभाग उभारला. नगरची मुले याच विद्यापीठात शिकतात, आणि पीक विम्याची भरपाई आजही पीककापणी प्रयोगांवर ठरते. ज्वारीचे कडेचे ताट आत धरावे की बाहेर, यावर कुणाच्या तरी घरचे वर्ष अवलंबून असते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.