खिडकीच्या कडेने शिरलेले पाणी : न्यूझीलंडच्या गळक्या घरांचा इतिहास

१/२२
न्यूझीलंडच्या अलीकडील इतिहासातील एक अत्यंत महागडी आपत्ती ना भूकंपाने आणली, ना पुराने. ती खिडकीच्या चौकटीशेजारच्या बारीक फटीतून घराघरांत शिरली. शासनासाठी २००९ मध्ये केलेल्या अंदाजानुसार सुमारे ४२,००० घरे बाधित झाली होती आणि एकूण खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर इतका होता. त्या वेळी देशाची लोकसंख्या अवघी ४३ लाखांच्या आसपास होती. आजचा धागा या ‘लीकी होम्स’ प्रकरणाचा.

२/२२
आपल्याकडे घर म्हणजे दगड, वीट, काँक्रीट. गळती झाली की भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे पडतात. न्यूझीलंडमधील घर मात्र बहुधा लाकडी सांगाड्याचे असते. उभ्या-आडव्या लाकडांचा सांगाडा, त्यावर बाहेरून आवरण आणि आतून जिप्समचे पातळ तक्ते. घराचा भार पेलतो तो मधला सांगाडा. त्यामुळे तेथे पाणी भिंतीत शिरले की केवळ रंग बिघडत नाही, घराचा कणाच कुजू लागतो. आणि तोही दृष्टिआड.

३/२२
मग पूर्वीची लाकडी घरे कशी टिकली? छप्पर उतरते, त्याच्या कडा भिंतीच्या पुढे आलेल्या. कोकणातील घराची वळचण ज्याने पाहिली आहे, त्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही : पावसाला भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. भिंतीवरच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या. पाणी आलेच तर निथळून जाई, आणि थोडे आत गेलेच तर फळ्यांच्या सांध्यांतून खेळणाऱ्या हवेने वाळे.

४/२२
आणखी एक संरक्षण होते, जे जवळजवळ अपघाताने लाभले होते. बांधकामासाठी वापरले जाणारे रेडिआटा पाइनचे लाकूड १९५० च्या दशकापासून बोरॉनच्या क्षारांनी प्रक्रिया करून घेतले जाई. हेतू होता लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव. पण हेच बोरॉन कुजवणाऱ्या बुरशीलाही रोखत असे. भिंत कधीमधी भिजली तरी सांगाडा तग धरी. ते संरक्षण मुद्दाम मागितलेले नव्हते, म्हणून त्याची नोंदही कोणी ठेवली नाही.

५/२२
आता राजकारणाकडे वळू. १९८४ मध्ये न्यूझीलंडमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी अनुदाने, निर्बंध आणि सरकारी मक्तेदारी झपाट्याने मोडीत काढली. हे धोरण ‘रॉजरनॉमिक्स’ या नावाने ओळखले जाते. १९९० मध्ये सत्तापालट झाला, तरी दिशा तीच राहिली. ‘नियम कमी करा, बाजार आपोआप दर्जा राखील’ ही त्या काळाची श्रद्धा होती. बांधकाम क्षेत्र त्यातून सुटणे शक्य नव्हते.

६/२२
१९९१ चा इमारत कायदा याच वातावरणात जन्मला. तोवर प्रत्येक नगर परिषदेचे उपविधी निराळे होते. त्यांच्या जागी देशभर एकच संहिता आली. ही सुधारणा आवश्यकच होती. पण नव्या संहितेची भाषा बदलली. ‘असे बांधा’ असे न सांगता ती ‘परिणाम असा हवा’ असे सांगू लागली. भिंतीतून पाणी आत येऊन नुकसान होता कामा नये, सांगाडा ५० वर्षे टिकला पाहिजे. हे कसे साधायचे, ते बांधणाऱ्याने ठरवावे.

७/२२
अशी मोकळीक कुशल हातांत असेल तर उत्तम. पण तपासणीही सैल झाली होती. नगर परिषदेच्या निरीक्षकांबरोबर खासगी प्रमाणकांनाही मंजुरी आणि पाहणीचे अधिकार मिळाले. ज्याचे काम तपासायचे, त्या विकासकाकडूनच पुढचे काम मिळण्याची आशा असेल, तर तपासणाऱ्याची नजर किती कठोर राहील? हा प्रश्न पुढे चौकशीत ठळकपणे उपस्थित झाला.

८/२२
तिकडे कुशल हातच कमी होत होते. सार्वजनिक बांधकाम मंत्रालय, रेल्वे, टपाल खाते यांसारख्या सरकारी संस्था पिढ्यान्‌पिढ्या उमेदवार घेऊन त्यांना सुतारकाम, नळकाम शिकवत. १९८८ मध्ये बांधकाम मंत्रालयच गुंडाळले गेले. १९९२ च्या कायद्याने उमेदवारीची जुनी पद्धतही बदलली. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून ‘पाणी कोणत्या वाटेने येते’ हे शिकलेला कारागीर दुर्मीळ होऊ लागला.

९/२२
याच सुमारास हौस बदलली. भूमध्य सागराकाठच्या घरांसारखे घर हवे अशी लाट आली. सपाट भासणारे छप्पर, भिंतीच्या वर कठडे, गिलाव्यासारखे अखंड गुळगुळीत आवरण, मोठ्या बाल्कन्या आणि वळचण नाहीच. स्पेन-ग्रीसच्या कोरड्या उन्हात, दगडी भिंतींवर शोभणारे हे रूप ऑकलंडसारख्या पावसाळी, वादळी शहरात लाकडी सांगाड्यावर चढवले गेले.

१०/२२
आता त्या खिडकीजवळ जाऊ. वळचण गेल्यामुळे पावसाचे पाणी थेट भिंतीवरून ओघळत खिडकीच्या माथ्यावर येते. तेथे पत्र्याची वाकवलेली पट्टी हवी, जी पाणी चौकटीच्या पुढे ढकलून खाली सोडील. खाली उंबऱ्याशी पन्हळासारखा तळ हवा, म्हणजे आत आलेले पाणी पुन्हा बाहेर पडेल. अनेक नव्या घरांत या पट्ट्या गाळल्या गेल्या किंवा चुकीच्या बसल्या. त्यांच्या जागी भिस्त होती ती सीलंटच्या एका रेघेवर.

११/२२
सीलंट वाईट नाही, पण तो एकटा पुरेसा नाही. उन्हाने तो कडक होतो. लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, तेव्हा तो चिरतो किंवा एका बाजूने सुटतो. उरलेले काम वारा करतो. बाहेरच्या हवेचा दाब आतल्यापेक्षा जास्त झाला की केसाएवढ्या फटीतूनही पाणी आत ढकलले जाते. शिवाय अरुंद फट स्वतःच पाणी शोषून घेते. केशाकर्षणाचा हा धडा आपण शाळेत शिकलेलो असतो.

१२/२२
मग हे कोणाच्या लक्षात का आले नाही? कारण तो सांधा कोणाचाच नव्हता. सांगाडा एकाने उभारला, खिडकी दुसऱ्याने बसवली, आवरण तिसऱ्याने चढवले, रंग चौथ्याने दिला. प्रत्येक जण केवळ आपल्या मजुरीपुरता बांधील. आराखड्यातही खिडकीचा तपशील पुष्कळदा एखाद्या ओळीत उरकलेला. जेथे दोन कारागिरांची कामे एकमेकांना भिडतात, तेथेच पाण्याने वाट काढली.

१३/२२
शेवटचा आधार होता तो बोरॉनचा, आणि तोही काढून घेतला गेला. भट्टीत वाळवलेल्या लाकडाला कीड लागत नाही, मग रसायने आणि खर्च कशाला, असा विचार पुढे आला. १९९५ च्या मानकाने भिंतींच्या सांगाड्यासाठी प्रक्रिया न केलेले लाकूड मान्य केले आणि १९९८ मध्ये अधिकृत बांधकाम नियमांनीही ते स्वीकारले. गृहीतक एकच : भिंत आतून कायम कोरडी राहील. नेमके तेच आता खरे उरले नव्हते.

१४/२२
या विषयाचे अभ्यासक चार संरक्षणे सांगतात : पाणी दूर वळवणे, आलेले निथळू देणे, उरलेले वाळू देणे, आणि तरीही टिकेल असे साहित्य वापरणे. वळचण गेली तेव्हा पहिले गेले. अखंड आवरण थेट सांगाड्याला चिकटवले तेव्हा दुसरे आणि तिसरे गेले. बोरॉन गेले तेव्हा चौथे. यांतील प्रत्येक निर्णय निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या कारणांनी घेतला होता आणि सुटा पाहिला तर समंजसच वाटतो.

१५/२२
इशारा मिळाला नव्हता असेही नाही. कॅनडातील व्हँकुव्हर परिसरात हेच आधी घडले होते. १९९६ च्या तेथील पाहणीत दिसून आले की पाणी प्रामुख्याने खिडक्या आणि बाल्कन्यांच्या सांध्यांतून शिरते. १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने गळक्या सदनिकांची चौकशी केली. त्याच वर्षी न्यूझीलंडने कच्च्या लाकडाला अधिकृत मान्यता दिली.

१६/२२
२००२ मध्ये प्रकरण उघड्यावर आले. वृत्तपत्रांत कुजलेल्या सांगाड्यांची छायाचित्रे झळकू लागली; भिंत उघडली की लाकूड हातात भुसभुशीत होऊन येई. निवृत्त ज्येष्ठ सनदी अधिकारी डॉन हन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालाने कोणा एकाला आरोपी ठरवले नाही. आराखडा, साहित्य, कारागिरी, तपासणी, कायदा अशी सगळी साखळीच निकामी झाली होती, असा त्याचा निष्कर्ष होता.

१७/२२
खरी परीक्षा दुरुस्तीच्या वेळी झाली. डाग दिसला की बाहेरून नवा सीलंट भरायचा आणि रंग द्यायचा, हा पहिला उपाय. त्याने कित्येकदा हानी वाढली. आत अडकलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाटही बुजली. खरा उपाय म्हणजे आवरण उतरवणे, कुजलेले लाकूड कापून नवे घालणे, खिडक्या काढून पुन्हा नीट बसवणे. म्हणजे घर जवळजवळ दुसऱ्यांदा बांधणे. आणि तो खर्च गृहकर्जाचे हप्ते चालू असतानाच समोर येई.

१८/२२
हा खर्च कोणी सोसायचा? सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी हम्मुराबीच्या संहितेने उत्तर दिले होते : भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने भक्कम करून द्यावी. पण त्यासाठी बांधणारा सापडला पाहिजे. न्यूझीलंडमध्ये अनेक विकासक एकेका प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढत आणि काम संपताच ती विसर्जित करत. घरमालक दाद मागायला निघे, तेव्हा प्रतिवादीच अस्तित्वात नसे.

१९/२२
शिल्लक राहत असे ती नगर परिषद. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९० मध्ये अशा दाव्यांना दार बंद केले होते. मात्र १९९६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इन्व्हरकार्गिलच्या खटल्यात न्यूझीलंडची वेगळी वाट मान्य केली : तपासणीत हयगय झाली तर परिषद जबाबदार. अनेक दोषींपैकी जो पैसे देऊ शकेल, त्याच्याकडून पूर्ण भरपाई वसूल करता येई. म्हणजे अखेर भार आला तो शहरातील सर्व करदात्यांवर.

२०/२२
काळही घरमालकांच्या विरुद्ध होता. दाव्याला दहा वर्षांची कमाल मुदत होती आणि कुजणे संथ असते. अनेकांना दोष कळला तोवर मुदत संपत आली होती किंवा संपली होती. २००२ मध्ये तंटे सोडवण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, पुढे न्यायाधिकरणही आले. २०११ च्या साहाय्य योजनेत मान्य दुरुस्तीचा २५ टक्के भार शासनाने आणि २५ टक्के सहभागी परिषदेने उचलला. उरलेला अर्धा घरमालकाचा. शिवाय या दोघांवर दावा न करण्याची अट.

२१/२२
नियम मात्र बदलले. २००४ पासून सांगाड्याच्या लाकडावर पुन्हा प्रक्रिया सुरू झाली. २००४ च्या इमारत कायद्याने जुने प्राधिकरण बरखास्त झाले आणि खासगी प्रमाणकांची पद्धत मोडीत निघाली. धोका जास्त असलेल्या भिंतींत आवरण आणि सांगाडा यांच्यामध्ये सुमारे २० मिलिमीटरची निचऱ्याची पोकळी आली. २०१२ पासून घराच्या सांगाड्याशी व पाणीरोधनाशी निगडित काम परवानाधारक कारागिरानेच करावे किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावे, असे बंधन आले.

२२/२२
ही पोकळी म्हणजे एक प्रकारची कबुली आहे. पाणी कधीतरी, कुठूनतरी आत येणारच हे धरून चालायचे आणि त्याच्या परतीची वाट आधी आखायची. जुन्या सुतारांना हे वळचणीतून आणि फळ्यांच्या सांध्यांतून ठाऊक होते. नव्या पिढीला ते ११ अब्ज डॉलरच्या अंदाजपत्रकातून शिकावे लागले. घराच्या नूतनीकरणात खिडकी बदलताना ‘सीलंट कोणता?’ हा प्रश्न आपण हमखास विचारतो. या इतिहासाने शिकवलेला प्रश्न वेगळा आहे : सीलंट फाटल्यावर पाणी कोठे जाईल, आणि त्या सांध्याची जबाबदारी नेमकी कोणाची?