हॉकीतील श्रेष्ठत्वाचा वाद आणि पुराव्याचा प्रश्न

भारतातील हॉकीच्या रसिकांमध्ये एक वाद अनेक दशके अखंड चालत आला आहे. ध्यानचंद श्रेष्ठ की बलबीरसिंग, रूपसिंग यांचा तडाखा अधिक मोलाचा की कुंवर दिग्विजयसिंग ऊर्फ ‘बाबू’ यांचे चेंडूवरील प्रभुत्व, मोहम्मद शाहिद किंवा धनराज पिल्ले यांना १९३६ च्या संघात स्थान मिळाले असते काय, आणि बर्लिनचे वीर आजच्या कृत्रिम मैदानावर कसे खेळले असते, हे या वादातील नेहमीचे प्रश्न होत. मैदानाच्या कडेला रंगणारी ही चर्चा केवळ करमणूक होय असे मानण्याची रूढी आहे. वस्तुतः तिच्यात इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेले दोन प्रश्न दडलेले आहेत. एका काळातील कर्तृत्व दुसऱ्या काळाच्या मापाने मोजता येते काय, हा पहिला. आणि ते मोजण्यासाठी जो पुरावा पुढे केला जातो तो कितपत विश्वसनीय आहे, हा दुसरा.

या वादाचे परिणाम व्यवहारातही उमटतात. २०११ मध्ये भारतरत्न या सन्मानाचे नियम बदलून तो कोणत्याही क्षेत्रातील व्यक्तीला देता येईल अशी तरतूद झाली, आणि २०१४ मध्ये सचिन तेंडुलकर हे तो स्वीकारणारे पहिले खेळाडू ठरले. तो मान आधी ध्यानचंद यांना मिळावयास हवा होता, असे मत त्या वेळी अनेकांनी मांडले. २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराला ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले. राष्ट्राने कोणाचे स्मरण प्रथम करावे, हा निर्णय अखेर अशा वादांतून घडलेल्या लोकमतावरच अवलंबून असतो. तेव्हा त्या लोकमताचा पाया तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रारंभ सर्वांत प्रसिद्ध सामन्यापासून करणे सोयीचे होईल. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन येथे झालेल्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीचा ८–१ असा पराभव केला. ध्यानचंद हे संघाचे कर्णधार होते. पावसामुळे सामना एक दिवस लांबणीवर पडला होता. मैदान ओलसर होते. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. उरलेले सात गोल दुसऱ्या सत्रात झाले. इथपर्यंत मतभेद नाही. परंतु या आठांपैकी ध्यानचंद यांचे गोल किती, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. काही लेखनात त्यांची संख्या सहा अशी दिली जाते. अधिकृत मानल्या जाणाऱ्या नोंदींत ती तीन आहे, आणि उरलेले गोल अली दारा, रूपसिंग, टॅपसेल व जाफर यांच्या नावे आहेत. हजारो प्रेक्षकांच्या समोर झालेल्या, आणि अवघ्या नव्वद वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत ही स्थिती आहे.

हा मतभेद क्षुल्लक नाही. २४ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथील अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सवर ६–१ असा विजय मिळविला. त्यांतील पाच गोल बलबीरसिंग यांचे होते. ऑलिंपिकमधील पुरुषांच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूने केलेले सर्वाधिक गोल म्हणून हा विक्रम नोंदविला गेला आहे. आता बर्लिनमध्ये ध्यानचंद यांनी सहा गोल केले असे मानले, तर हेलसिंकीचा विक्रम विक्रमच उरत नाही. तीन मानले तर तो अबाधित राहतो. म्हणजे ज्या दोन खेळाडूंची तुलना रसिक मोठ्या आवेशाने करतात, त्यांपैकी एकाचे स्थान दुसऱ्याविषयीच्या नोंदीच्या वाचनावर अवलंबून आहे. अनेकदा एकच रसिक ध्यानचंद यांचे सहा गोल आणि बलबीरसिंग यांचा विक्रम या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो. त्या दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आकड्यांची ही कथा, तर आख्यायिकांविषयी अधिक काय सांगावे? ध्यानचंद यांच्या काठीत लोहचुंबक आहे की काय हे पाहण्यासाठी ती मोडून तपासली गेली, जर्मनीच्या हुकूमशहाने त्यांना आपल्या सैन्यात अधिकारपद देऊ केले, व्हिएन्ना नगरीत त्यांचा चार हातांचा व चार काठ्यांचा पुतळा उभारला गेला, अशा कथा पिढ्यानुपिढ्या सांगितल्या जातात. त्यांना समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. तथापि त्या सर्वस्वी निरुपयोगी आहेत असेही म्हणता येत नाही. ज्या काळी खेळाचे चलच्चित्रण अत्यल्प होते आणि सामान्य भारतीयाला परदेशातील सामना पाहण्याची सोय नव्हती, त्या काळी ऐकणाऱ्यांच्या मनावर झालेल्या प्रभावाचे मोजमाप या कथांतून मिळते. घटनेचा पुरावा म्हणून त्या बाद ठरतात. कीर्तीचा पुरावा म्हणून त्यांचे मूल्य आहे. आख्यायिका निर्माण होण्याचे मान मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, आणि येथेच तुलनेत पहिला अन्याय शिरतो. दूरचित्रवाणीच्या युगातील खेळाडूची प्रत्येक चूक पुन्हा पाहता येते. पूर्वीच्या खेळाडूच्या चुका त्याच्या प्रेक्षकांबरोबरच लुप्त झाल्या आहेत.

नव्या पिढीचे समर्थक याला उत्तर म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या बळाचा मुद्दा मांडतात, आणि तो विचारार्ह आहे. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथील हॉकी स्पर्धेत भारत, जपान व अमेरिका असे तीनच संघ होते. भारताने जपानला ११–१ आणि अमेरिकेला २४–१ असे हरविले. ज्या इंग्लंडात या खेळाचे आधुनिक नियम घडले, त्या देशाचे खेळाडू १९२८, १९३२ व १९३६ या तिन्ही ऑलिंपिकांत हॉकीच्या मैदानावर उतरलेच नाहीत. तथापि हा आक्षेप सर्वत्र सारख्याच जोराने लागू होत नाही. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले व एकही गोल स्वीकारला नाही. त्यांपैकी १४ गोल ध्यानचंद यांचे होते. बर्लिनला पोहोचल्यावर झालेल्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४–१ असे हरविले होते, आणि त्यानंतर अली दारा यांना भारतातून तातडीने बोलावून घ्यावे लागले. प्रतिस्पर्धी अगदीच दुबळे असते, तर ही धावपळ करावी लागली नसती.

बलबीरसिंग यांच्या पिढीची कसोटी निराळी होती. १९४७ च्या फाळणीने देशाबरोबर हॉकीचा संघही दुभंगला. अली दारा यांनी १९४८ मध्ये पाकिस्तानचे नेतृत्व केले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताने ग्रेट ब्रिटनला ४–० असे पराभूत केले. त्यांतील दोन गोल बलबीरसिंग यांचे होते. वर्षापूर्वीपर्यंत ज्यांची सत्ता होती त्यांच्याच राजधानीत मिळालेला हा विजय केवळ गोलांच्या संख्येने तोलणे हे इतिहासाकडे पाठ फिरविण्यासारखे होईल.

तुलनेतील दुसरी अडचण खुद्द खेळाच्या स्वरूपात आहे. नाव तेच राहिले असले तरी खेळ पुष्कळ बदलला आहे. १९७६ मध्ये मॉन्ट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. तेव्हापर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारे राष्ट्र म्हणून ख्याती पावलेला भारत तेथे सातव्या क्रमांकावर राहिला. अवघ्या वर्षापूर्वी, मार्च १९७५ मध्ये, क्वालालंपूर येथे भारताने विश्वचषक जिंकला होता, आणि अंतिम सामन्यातील निर्णायक गोल ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांचा होता. एका वर्षात खेळाडूंचे कौशल्य आटले असे कोणी म्हणणार नाही. पायाखालची भूमी बदलली होती. गवतावर चेंडूची उसळी अनिश्चित असते, म्हणून तो काठीशी बिलगून ठेवण्याची कला तेथे सर्वांत मोलाची होती. सपाट व वेगवान पृष्ठभागावर दमश्वास, धाव आणि दूरवरचे अचूक पास यांना महत्त्व आले.

नियमही बदलले. ध्यानचंद व बलबीरसिंग यांच्या काळी ऑफसाइडचा नियम कडक होता. चेंडू पुढे मिळावयाचा तर खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. हा नियम पुढे शिथिल होत गेला, १९९६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर व १९९८ मध्ये कायमचा रद्द झाला. खेळाडू पुनःपुन्हा बदलण्याची मुभा मिळाली, लाकडी काठीच्या जागी कृत्रिम द्रव्यांची काठी आली, आणि पेनल्टी कॉर्नरवर चेंडू ओढून फेकण्याचे तंत्र हे एक स्वतंत्र शस्त्र बनले. १९३२ मध्ये रूपसिंग यांनी अमेरिकेविरुद्धच्या एकाच सामन्यात दहा गोल केले. २०२४ मध्ये पॅरिस येथे हरमनप्रीतसिंग यांनी संपूर्ण स्पर्धेतील आठ सामन्यांत दहा गोल केले, तेही बहुतेक पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोकवर. दोन्हीकडे आकडा दहाच आहे. परंतु एक दहा दुसऱ्या दहांशी तोलण्याचे कोणतेही तराजू उपलब्ध नाही.

तिसरी गोष्ट रसिकांच्या सहसा लक्षात येत नाही. गोल हेच माप धरल्यामुळे हा वाद जवळजवळ सर्वस्वी आघाडीच्या खेळाडूंपुरता राहिला आहे. रिचर्ड अ‍ॅलन हे १९२८, १९३२ व १९३६ या तिन्ही ऑलिंपिकांत भारताचे गोलरक्षक होते, आणि त्या सर्व काळात त्यांच्याविरुद्ध केवळ दोन गोल झाले. शंकर लक्ष्मण यांनी १९५६, १९६० व १९६४ असे तीन लागोपाठचे अंतिम सामने पाकिस्तानविरुद्ध खेळले. तिन्ही सामने १–० याच फरकाने सुटले, दोन भारताने जिंकले व एक गमावला. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत त्यांच्या पाठीमागच्या जाळ्यात एकच चेंडू गेला. राइट हाफच्या जागी खेळणारे लेस्ली क्लॉडियस यांनी १९४८ ते १९६० या काळात चार ऑलिंपिकांत तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले. श्रेष्ठत्वाच्या चर्चेत या नावांचा उच्चार क्वचितच पहिल्या क्रमाने होतो. २०२१ च्या टोकियो व २०२४ च्या पॅरिस येथील कांस्यपदकांनंतर पी. आर. श्रीजेश यांचे नाव घराघरांत पोहोचले, ही या दृष्टीने स्वागतार्ह घटना होय. त्यांचे काम लोकांना प्रत्यक्ष पाहता आले. अ‍ॅलन यांचे पाहता आले नव्हते.

पुराव्याची ही दुरवस्था केवळ दूरच्या काळापुरती असती तर ती क्षम्य ठरली असती. तसे नाही. पुण्याजवळील खडकी येथे १९६८ मध्ये जन्मलेले आणि तेथील दारूगोळा कारखान्याच्या मैदानांच्या सहवासात, मोडक्या काठ्यांनी खेळत वाढलेले धनराज पिल्ले यांनी चार ऑलिंपिक, चार विश्वचषक व चार आशियाई स्पर्धा यांत भारताचे प्रतिनिधित्व केले; १९९८ मध्ये बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यांची कारकीर्द छापील वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्या भर काळात घडली. असे असूनही त्यांच्या आंतरराष्ट्रीय गोलांची सर्वमान्य अधिकृत बेरीज उपलब्ध नाही. कारण त्या काळी तशी नोंद पद्धतशीरपणे ठेवलीच गेली नाही. बलबीरसिंग यांनी १९८५ मध्ये आपली पदके, १९५६ च्या संघाचा कर्णधाराचा कोट व दुर्मिळ छायाचित्रे नियोजित संग्रहालयासाठी एका सरकारी क्रीडासंस्थेच्या स्वाधीन केली होती. २०१२ मध्ये लंडन येथील प्रदर्शनासाठी त्यांची आठवण झाली, तेव्हा ती कोठे आहेत हे कोणालाही सांगता आले नाही. २०२० मध्ये बलबीरसिंग निवर्तले, तोपर्यंत ती परत मिळालेली नव्हती.

या पार्श्वभूमीवर रसिकांच्या वादाकडे पाहिले असता त्याचे एक निराळे महत्त्व ध्यानात येते. ज्या खेळाच्या संस्थांनी दप्तर जपले नाही, त्या खेळाची स्मृती या वाद घालणाऱ्यांनीच जिवंत ठेवली. एखाद्या वृद्ध प्रेक्षकाने सांगितलेली चाल, एखाद्या जुन्या खेळाडूने वर्णिलेला सहकारी, यांतून जे उरले ते पुष्कळदा अतिरंजित असले, तरी अन्यत्र ते उरलेलेच नाही. स्मृतीचा हा साठा दप्तराची जागा घेऊ शकत नाही, कारण तो प्रसिद्ध नावांभोवतीच गोळा होतो आणि वारंवार सांगितल्याने बदलतो. परंतु दप्तर कोठे शोधावे याची दिशा तो नक्कीच दाखवितो.

तेव्हा ‘सर्वांत श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाचे एकच उत्तर इतिहास देऊ शकणार नाही. त्याला देता येण्याजोगी उत्तरे अधिक मर्यादित व अधिक भरवशाची आहेत. आपल्या काळच्या मैदानावर, आपल्या काळच्या नियमांत आणि समोर आलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोण आपल्या समकालीनांहून किती पुढे होता, हे सांगता येते. या कसोटीवर ध्यानचंद यांचे स्थान बर्लिनमधील गोल सहाऐवजी तीन धरले तरी ढळत नाही; अ‍ॅमस्टरडॅमच्या २९ गोलांतील १४ गोल त्यासाठी पुरेसे आहेत. बलबीरसिंग यांचे स्थानही त्याच रीतीने सिद्ध होते, कारण हेलसिंकी येथे भारताने तीन सामन्यांत केलेल्या १३ गोलांपैकी नऊ त्यांचे होते. अ‍ॅलन, क्लॉडियस व लक्ष्मण यांना हीच कसोटी प्रथमच न्याय देते. धनराज पिल्ले यांच्या बाबतीत मात्र ती लावण्यापूर्वी प्रत्येक सामन्याची समकालीन वृत्तपत्रे चाळून गोलांची यादी सिद्ध करावी लागेल. हे काम कष्टाचे असले तरी अशक्य नाही. त्या सामन्यांत खेळलेले व ते सामने पाहिलेले अनेकजण हयात आहेत, आणि बर्लिनच्या बाबतीत ज्यांना विचारावयाचे होते ते सर्व केव्हाच निघून गेले आहेत.