एज्युसॅट : शिक्षणाला वाहिलेला उपग्रह

केवळ शिक्षणकार्यासाठी घडविलेला भारताचा पहिला उपग्रह ‘एज्युसॅट’ अर्थात जीसॅट-३ याचे प्रक्षेपण २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ०१ या प्रक्षेपकाद्वारे करण्यात आले. त्याची उभारणी ‘इस्रो’च्या बंगळुरू येथील उपग्रह केंद्राने केली. जुन्या विमानतळ मार्गाने व्हाइटफील्डकडे जाताना लागणारे हे केंद्र २०१८ पासून यू. आर. राव यांच्या नावाने ओळखले जाते.

प्रक्षेपणावेळी उपग्रहाचे वजन १,९५० किलोग्रॅम होते. आरंभीच्या लंबवर्तुळाकार कक्षेतून, हासन येथील मुख्य नियंत्रण केंद्राच्या आज्ञांनुसार स्वतःचे इंजिन प्रज्वलित करीत, तो विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत पोहोचला. तेथे ७४ अंश पूर्व रेखांशावर कल्पना-१ व इन्सॅट-३सी यांच्या सोबत त्याला स्थान देण्यात आले. महाराष्ट्राला हे स्थान सोयीचे होते. नाशिकचा रेखांशही जवळपास तोच असल्याने तेथील डिश अँटेना थेट दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच रोखावी लागे. इतक्या उंच दिशेला झाडे वा इमारती सहसा आड येत नाहीत.

उपग्रहावर बारा ट्रान्सपाँडर होते. त्यांपैकी सहा विस्तारित सी पट्ट्यातील होते. केयू पट्ट्यातील उरलेल्या सहांपैकी एकाची व्याप्ती देशव्यापी होती, तर पाच उत्तर, ईशान्य, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या विभागांसाठी राखलेले होते. या विभागीय झोतांतच उपग्रहाचे वेगळेपण होते. शक्ती मर्यादित प्रदेशावर एकवटल्याने लहान डिश पुरे आणि प्रत्येक विभागाला त्याच्या भाषेतील पाठ देणे शक्य होई. मात्र मुसळधार पावसात केयू लहरी क्षीण होतात, आणि आपल्याकडे शाळा व पावसाळा दोन्ही जूनमध्येच सुरू होतात. सी पट्टा पावसाला दाद देत नाही. पण त्याला मोठी डिश लागते.

प्रक्षेपणापूर्वीच इन्सॅट-३बी उपग्रहावरून पथदर्शी प्रयोग सुरू झाला होता. बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ त्यात सहभागी होते. दुहेरी संपर्काच्या वर्गांत विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत येण्यास किमान अर्धा सेकंद लागे; अंतरच तेवढे आहे.

नियोजित आयुष्य सात वर्षांचे असताना सप्टेंबर २०१० मध्येच उपग्रह सेवेतून निवृत्त झाला. वर्ग अन्य उपग्रहांवर हलवावे लागले, म्हणजे ठिकठिकाणच्या डिश नव्या दिशेला वळविणे आले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने जमिनीवरील जाळे व पाठनिर्मितीतील उणिवांवर बोट ठेवले. १५ जुलै २०११ रोजी सोडलेल्या जीसॅट-१२ वर दूरशिक्षणाचीही जबाबदारी होती. परंतु त्याचे बाराही ट्रान्सपाँडर विस्तारित सी पट्ट्याचे होते.