ओल्या खुराड्याचा इतिहास

पाळीव सशाचा मागचा भाग मुताने सतत ओला राहू लागला की आधी तिथले केस पिवळे पडून एकमेकांना चिकटतात, मग झडतात. उघडी पडलेली कातडी लाल होते, सुजते आणि शेवटी तिला जखमा होऊन खपल्या धरतात. पशुवैद्यक याला ‘युरिन स्काल्ड’ म्हणतात. ससेपालनाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘हच बर्न’ हे नाव येते. हा त्रास माणसाने सशाला पेटीत कोंडले तेव्हापासूनचा आहे. त्यावरचे उपाय मात्र गेल्या चारशे वर्षांत बरेच बदलले, आणि हा बदल मुख्यतः सशाच्या पायाखालच्या तळात झाला. त्या तळावर बसणाऱ्या प्राण्याकडे लक्ष जायला फार उशीर लागला.

सशाचे मूत्र मुळातच वेगळे असते. बहुतेक सस्तन प्राण्यांचे शरीर अन्नातून गरजेपुरतेच कॅल्शियम घेते. सशाचे आतडे मिळेल तेवढे शोषते आणि जास्तीचे मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंडांत गाळल्या गेलेल्या कॅल्शियमपैकी इतर बहुतेक सस्तन प्राणी २ टक्क्यांहून कमी मूत्रात सोडतात. सशात हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून सशाचे मूत्र गढूळ दिसते, वाळल्यावर फरशीवर पांढरा चुनकट डाग ठेवते, आणि ते अल्कधर्मी असते. त्यातल्या युरियाचे जंतूंच्या क्रियेने अमोनियात रूपांतर होते. सशाची कातडी पातळ आणि केस दाट असल्यामुळे ओल आत धरली जाते व चटकन वाळत नाही.

रानात यातले काही घडत नाही. आजचे सगळे पाळीव ससे ज्या युरोपीय रानसशापासून आले, तो मूळचा स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सचा. तो कळपाने जमिनीखाली बिळे करून राहतो आणि लेंड्या टाकण्यासाठी बिळाबाहेर ठराविक जागा वापरतो. बसण्याची जागा वेगळी, घाण करण्याची वेगळी. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा ससा या कुळातला असला तरी जात निराळी. तो बिळे खोदत नाही, उघड्यावरच गवताच्या आडोशाला दबून बसतो. त्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि तो पाळता येत नाही. बाजारात पिंजऱ्यात मिळणारा ससा म्हणजे त्या युरोपीय बीळकऱ्याचा वंशज, आणि त्याच्या दुखण्याचा इतिहासही युरोपात सुरू होतो.

रोमन लोकांनी ससे कोंडले, पण पेटीत नव्हे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वारो या लेखकाने शेतीवरच्या ग्रंथात भिंत घातलेल्या कुरणांचे वर्णन केले आहे. त्यांत बिळे न खोदणारे, उघड्यावर राहणारे ससे ठेवत, आणि स्पेनमधून आलेल्या या बीळकऱ्यांचाही तो उल्लेख करतो. पुढे नॉर्मनांबरोबर ससा इंग्लंडात गेला आणि बाराव्या शतकापासून तिथे जमीनदारांची राखीव ससेकुरणे उभी राहिली. कठीण जमिनीत सशांना बिळे करता यावीत म्हणून मातीचे लांबट उंचवटे मुद्दाम रचले जात. त्यांतले कित्येक आजही दिसतात. या कुरणांत पाय ठेवायला मोकळी माती होती आणि मुताचा निचरा आपोआप होत होता. ससा माणसाच्या ताब्यात होता, तरी त्याचे मागचे पाय कोरडे होते.

पेटीतला ससा सोळाव्या-सतराव्या शतकांत ठळकपणे दिसू लागतो. फ्रान्सचा कृषिलेखक ओलिव्हिए द सेर याने १६०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सशांचे रानातले, राखीव कुरणातले आणि खुराड्यातले असे प्रकार वेगळे सांगितले. १६१४ च्या सुमारास इंग्लंडात जर्व्हेस मार्कम याने तर पेटीची मापेच दिली: पातळ लाकडी फळ्यांची दोन फूट चौरस, एक फूट उंच पेटी, तिचे दोन भाग, मोठ्या भागाला तारेची खिडकी, लहान भाग मादीला विण्यासाठी अंधारा, आणि अशा पेट्या एकावर एक मजले करून रचायच्या. ही मापे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ससा लघवी करताना कोपऱ्याकडे पाठ करतो, मागचा भाग उचलतो, शेपूट वर करतो आणि धार मागे फेकतो. दोन फुटांच्या, त्यातही विभागलेल्या पेटीत ती धार भिंतीवर आपटून त्याच्याच पायांशी येते. शिवाय लाकूड ओल शोषते आणि मजल्यांची रचना असेल तर वरच्याची ओल खालच्यापर्यंत पोहोचते. मार्कमने स्वच्छतेवर भर दिला आणि हिरव्या चाऱ्याबरोबर सुके गवत देण्याचा सल्लाही दिला. हा सल्ला आजही चुकीचा ठरलेला नाही. तरी पेटीचा आकार पुढची तीनशे वर्षे जवळजवळ तोच राहिला, कारण तो माणसाच्या सोयीचा होता.

एकोणिसाव्या शतकात ससा खाण्याबरोबर प्रदर्शनातही आला. इंग्लंडात लोंबत्या कानांच्या सशांचे वेड इतके वाढले की चार्ल्स डार्विनने १८६८ च्या ग्रंथात एका प्रदर्शनातल्या सशाचे कान टोकापासून टोकापर्यंत २२ इंच भरल्याची नोंद केली. कान लांब वाढावेत म्हणून पालक खुराडी ऊबदार ठेवत. ऊब आणि ओल एकत्र आली की अमोनिया भराभर तयार होतो, आणि कोंदट पेटीत तो आधी जमिनीलगतच्या नाकाला व कातडीला लागतो. या काळात खुराड्याच्या तळाला उतार देणे, भोके पाडणे, खाली जस्ताचा पत्रा बसवणे, पेंढा, लाकडाचा भुसा किंवा पीट अंथरणे असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतले बरेच उपयोगी होते, कारण पालकाला रोज पेटी उघडून पाहावी लागे. ज्या पेटीत रोज हात जातो तिथला ससा फार काळ ओला राहत नाही.

याच शतकाच्या अखेरीस घरात मोकळा ठेवलेला एक प्रसिद्ध ससाही होऊन गेला. चित्रकार-लेखिका बिआट्रिक्स पॉटर हिने पीटर पायपर नावाचा ससा लंडनमध्ये विकत घेऊन घरातच सांभाळला. १९०२ मध्ये प्रकाशित झालेल्या तिच्या जगप्रसिद्ध बालपुस्तकातल्या सशाला त्याचेच नाव मिळाले. पण असे घर अपवादच. पुढच्या दोन महायुद्धांत ब्रिटनमध्ये परसातला ससा पुन्हा अन्न म्हणून वाढू लागला. दुसऱ्या महायुद्धात ससेपालक मंडळांच्या सदस्यांना पैदाशीच्या माद्यांसाठी कोंड्याचे रेशन मिळे. पेटी मिळेल त्या लाकडाची, अंथरूण मिळेल त्या पेंढ्याचे.

तळाची खरी उलथापालथ अमेरिकेत झाली. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फोंटाना इथे सरकारी ससे-संशोधन केंद्र सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारी ससेपालनात संपूर्ण तारेचा, टांगता पिंजरा रूढ झाला. तळाला अर्धा इंच बाय एक इंचाची जाळी. लेंडी आणि मूत्र दोन्ही खाली पडून जाणार. मुताने भाजण्याचे प्रमाण यामुळे नक्कीच घटले, आणि विष्ठेतून पसरणाऱ्या कॉक्सिडियाच्या आजारालाही आळा बसला. पण कातडीवरची जखम मागच्या भागावरून उतरून तळव्यावर आली. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त दाट केस असतात. रात्रंदिवस तारेवर बसून ते झिजतात आणि टाचेला फोड व खोल जखमा होतात. फ्रान्समध्ये १९१९ साली पुढे आलेल्या ‘रेक्स’ जातीच्या आखूड, मखमली केसांच्या सशांना हा त्रास सर्वांत जास्त. शेकडो जनावरे एकाच माणसाने सांभाळायची तर तारेला पर्याय नव्हता, हे समजण्यासारखे आहे. मात्र हाच तारेचा पिंजरा पुढे लहान करून घरगुती सशासाठी दुकानांत आला, याचे समर्थन करता येत नाही. एकच ससा असलेल्या घरात तळ धुणे काही मिनिटांचे काम असते.

त्याच काळात खाद्यही बदलले. लसूणघासाच्या दाबून केलेल्या गोळ्या स्वस्त, साठवायला सोप्या आणि वजन झपाट्याने वाढवणाऱ्या. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते. दोन-तीन महिन्यांत कापल्या जाणाऱ्या सशाला त्याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे जगणाऱ्या सशाच्या मूत्राशयात मात्र त्याचा गाळ साचू शकतो. हा गाळ ओल्या सिमेंटसारखा घट्ट होतो, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि थेंब थेंब गळती सुरू होते. सुके गवत कमी, गोळ्या जास्त, पाणी कमी आणि हालचाल नाही, असा सगळा मेळ जमला की हा धोका वाढतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सशाचे आयुष्यच बदलले. १९८५ मध्ये अमेरिकेत मारिनेल हॅरिमन यांचे घरात ससा सांभाळण्याविषयीचे पुस्तक आले आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ स्थापन झाली. ससा एकच कोपरा धरतो, त्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवून वर गवत घातले की तो तिथेच बसतो, हे या मंडळींनी घरोघरी पोहोचवले. रानातली जुनी सवय इतक्या शतकांनी कामी आली. नर-मादीची नसबंदी केल्यावर खुणा करण्यासाठी मूत्र उडवणेही बहुतेक थांबते. मांजरांसाठी बनवलेली, ओल लागताच गोळा होणारी माती या ट्रेत चालत नाही. ससा ती खातो आणि आतड्यात ती अडकते. कागदाच्या लगद्याच्या गोळ्या आणि वर सुके गवत हे अंथरूण सर्वांत निर्धोक ठरले. ब्रिटनमध्ये सशांच्या हितासाठी काम करणाऱ्या संस्थेने दोन सशांना किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी जागा कायम हवी असा आग्रह धरला. मार्कमच्या पेटीशेजारी हे माप ठेवले की चार शतकांत पडलेला फरक समजतो.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधी येणे शक्यच नव्हते. कोरड्या, स्वच्छ, ऐसपैस जागेतले ससेही ओले होऊ लागले. खाण्यासाठी पाळलेला ससा म्हातारा होतच नसे. घरातला ससा आठ, दहा, कधी बारा वर्षे जगू लागला. म्हातारपणी पाठीचे मणके जोडले जातात, सांधे दुखतात, आणि लघवीसाठी मागचा भाग उचलणे जमत नाही. धार मागे जाण्याऐवजी पायांमध्येच पडते. लठ्ठ सशाला वाकून स्वतःला चाटता येत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लुळ्या पडलेल्या सशांत पाहिलेला एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली हा सूक्ष्म परजीवी मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे बिघडवतो, त्यातूनही मूत्रावरचा ताबा सुटतो. मूतखडा, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पाठीला झालेली इजा हीही कारणे असतात. शतकानुशतके दोष तळाला देण्याची सवय असल्यामुळे आजही पुष्कळ पालक अंथरूण बदलत राहतात आणि ससा आतून दुखत असतो. त्याचा एक्स-रे, मूत्रतपासणी आणि चालण्याची पाहणी झाल्याशिवाय नुसत्या मलमाने हे दुखणे हटत नाही.

जुन्या काळात आणखी एक गफलत होत असे. सशांच्या गुप्तांगाभोवती फोड व खपल्या आणणारा, समागमातून पसरणारा एक जंतुसंसर्ग असतो. त्याचा जंतू १९१० च्या दशकात ओळखला गेला. वरवर पाहता तो मुताने भाजल्यासारखाच दिसतो, पण अनेकदा नाकावर आणि ओठांवरही उठतो. त्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन लागू पडते. हेच औषध, किंवा अमॉक्सिसिलिन, तोंडाने दिले तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून जीव जाऊ शकतो. म्हणून घरातले माणसांचे औषध सशाला कधीही देऊ नये.

जखमेची शुश्रूषा आता बरीच ठरून गेली आहे. चिकटलेले केस कात्रीने नव्हे, बारीक यंत्राने काढतात, कारण सशाची कातडी कागदासारखी फाटते. पूर्ण अंघोळ घालत नाहीत. घाबरून व गारठून ससा दगावू शकतो. फक्त मागचा भाग कोमट पाण्यात किंवा पशुवैद्यकाने सांगितलेल्या सौम्य क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणात धुतात, टॉवेलने टिपून मुळापर्यंत कोरडा करतात. उघड्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन, ठणका कमी करण्यासाठी मेलॉक्सिकॅम, परजीवीचा संशय असेल तर साधारण २८ दिवस फेनबेंडाझोल, हे सगळे पशुवैद्यकाच्या मापाने. झिंक ऑक्साइडचे मलम ससा चाटतो म्हणून टाळतात. कायम अधू झालेल्या सशाखाली ओल वरून खाली जाऊ देणारे लोकरी कापड आणि त्याखाली शोषून घेणारा पॅड ठेवून दिवसातून दोनदा बदलतात. चपटा, कमी काठाचा ट्रे दिला की सांधे धरलेला ससाही त्यात चढतो.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या सशांसाठी पावसाळा सर्वांत जोखमीचा असतो. गवत वाळत नाही, गोणपाटाला कुबट वास येतो आणि माश्या ओल्या, वास मारणाऱ्या केसांत अंडी घालतात. उबदार हवेत एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघून जिवंत कातडीत शिरतात. या चार महिन्यांत सशाला सकाळ-संध्याकाळ हातात घेऊन शेपटीखालचा भाग पाहणे, सुके गवत हवाबंद डब्यात ठेवणे आणि ट्रे रोज धुऊन पुरता वाळवणे आवश्यक असते. एक जरी अळी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे लागते.